जाऊबाईंनी राउटर घेतलं

आमच्या जाऊबाईंना सगळी गल्ली टेलरताई म्हणते. मी तोंडावर नुसतं ताई म्हणते, पाठीमागे काय म्हणते ते विचारू नका. एकाच घरात दोघी सुना म्हणून आलो, त्या आधी आणि मी मागून. तेव्हापासून एका दोरीवर कपडे वाळत घालतोय आणि त्या दोरीवरून भांडतोय. माझा राग नाकावर. पोस्टात काउंटरवर बसते, दिवसभर "रांगेत या हो, रांगेत या" करून घसा बसतो आणि घरी आल्यावरही सूर तोच लागतो. जाऊबाईंचा राग निराळा. त्या बोलत नाहीत. कापडावर कात्री जरा जास्त करकरली की आपण समजायचं आणि स्वयंपाकघरात निघून जायचं.

मागच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालायचं. शाळेचे गणवेश, पडदे, कोट, जे येईल ते. भावोजी, म्हणजे त्यांचे यजमान, गेले तेव्हाही चार दिवसांत त्या मशीनवर बसल्या होत्या. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं आहे. मी त्या लोकांना चांगलंच सुनावलं. भिंतीच्या या बाजूला मी झोपते, त्यांचं काळीज कशाचं आहे ते मला विचारा ना!

त्या खोलीच्या मधोमध त्यांचं कापायचं टेबल. दरवाज्याएवढं लांब, जाड फळीचं, वरून साबणासारखं गुळगुळीत. गल्लीतल्या सुतारकाकांनी जाऊबाईंच्या कमरेची उंची मोजून ते बनवलं होतं. त्या टेबलावर कापडाशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही, असा घरचा कायदा. एकदा आमच्या ह्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. जाऊबाईंनी कप उचलला, त्यांच्या हातात दिला आणि पुढे आठवडाभर त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावलं नाही. हे तसेच उघड्या गळ्याने ऑफिसला गेले.

तर अशा बाईचं उजवं मनगट गेलं. इतकी वर्षं जड कात्री चालवून शीर का काय ती धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की कात्री बंद. जाऊबाईंनी ऐकून घेतलं, घरी आल्या, दोन्ही शिलाई मशीन त्यांच्याकडे शिकलेल्या एका बाईला देऊन टाकली. टेबल तेवढं ठेवलं.

आणि मग घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणू? शांतता म्हणू? मला ती सोसेना. मशीनच्या खडखडाटावर मी जन्मभर बोंबललेली बाई, पण तो थांबल्यावर घर कसं खायला उठलं. जाऊबाई खिडकीत बसायच्या आणि पडद्याची कड बोटांत धरून उगाच सरळ करायच्या. सरळ असलेलीच कड, पुन्हा पुन्हा. हाताला काम नाही तर त्या बाईच्या जिवाला थारा नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

त्यांच्या मुलालाही दिसलं. माझा पुतण्या दुसऱ्या गावात नोकरी करतो, गुणी आहे, त्याच्यात काही खोट काढायला जागा नाही हीच पंचाईत. नवीन घर घेतलं होतं. तो आला आणि म्हणाला, "आई, आता पुरे. माझ्याकडे ये. तुझी वेगळी खोली आहे, सकाळचं ऊन येतं. आणि तुझं टेबलही नेऊ. ही म्हणते पॉलिश करून जेवायला घेऊ, सहा जण आरामात बसतील."

जाऊबाई म्हणाल्या, "बघू."

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मला वाटायचं की ही बाई गेली तर मी सुटेन. दोरी सगळी माझी होईल! आणि आता कळत होतं की सगळी दोरी घेऊन मी करू काय? भांडायचं कुणाशी? ह्यांच्याशी? हे तर दुसऱ्या वाक्याला "बरं" म्हणतात.

रात्रीच्या जेवणाला हे मला म्हणाले, "तुला त्या जायला नको आहेत ना, मग तोंड उघड की. एरवी तर बंद नसतं."

"मी कशाला म्हणू?" मी म्हटलं. "मी म्हटलं आणि थांबल्या, तर इथे झुरतील आणि दोष माझ्या माथी. जाणाऱ्याला अडवायला मी कोण?"

"बरं," हे म्हणाले. बघा!

अशात ते लाकडाचं खूळ निघालं. शिवणाचं सामान वाटून टाकलं तरी बटणं उरली होती, बरण्याच्या बरण्या. जाऊबाईंच्या मनात आलं की त्यांना एक लाकडी डबा करावा, आत कप्पे आणि वरून सरकतं झाकण. माळ्यावर मोडक्या फडताळाच्या फळ्या होत्याच. छोटी करवत आणली आणि बाई डाव्या हाताने, मधून मधून उजव्याने, कापत बसल्या. दोन-तीन दिवसांनी डबा झाला आणि झाकण काही केल्या बसेना. चांगलं अंगठाभर मोठं!

मी म्हटलं, "ताई, मापं घेतली होती ना?"

"घेतली होती की. चारही बाजूंनी माया सोडून कापलं," त्या म्हणाल्या आणि हातातल्या झाकणाकडे बघायला लागल्या.

शिवणाऱ्या माणसाची सवय! कापड कापताना शिलाईसाठी चारी बाजूंना थोडं जास्तीचं सोडायचं, ती माया. कापड आत दुमडता येतं हो, लाकूड कसं दुमडणार? मी इतकी हसले की उचकी लागली. आणि जाऊबाईही हसल्या. मनगटाचा पट्टा बांधल्यापासून पहिल्यांदा. मी हसायची थांबले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. ठरवलं, ह्या बाईला लाकूडच लागेल ना? लाकूड तर लाकूड.

झाकण तासून बसवता आलं असतं, पण ते सरकायला आतून खाच हवी. पटाशीने ती कोरायला जाऊबाई बसल्या आणि संध्याकाळपर्यंत मनगट सुजून हे एवढं झालं. मी बर्फ लावला, शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी पोस्टातून येताना सुतारकाकांकडे शिरले.

सुतारकाका म्हणाले, "पटाशी कसली कोरताय, राउटर घ्या. हे बघा." त्यांनी एक मशीन दाखवलं. मुठीत मावेल न मावेल अशी मोटर, तिच्या टोकाला बोटाएवढं बिट, म्हणजे कापायचं पातं, आणि ते बिट भोवऱ्यासारखं गरगर फिरतं. लाकडावर धरलं की खाच पडते, कड गोल होते, नक्षी निघते. मी म्हटलं, हे धरायचं तर मनगटाला आणखी त्रास. तर म्हणाले, "हातात धरायचंच नाही. ताईंना घेऊन या."

मी घेऊन गेले. त्यांच्या कारखान्यात एका टेबलाच्या पोटात मशीन उलटं टांगलेलं होतं, बिट तेवढं वर डोकावत होतं. मशीन जागेवर, आणि लाकूड त्याच्यावरून सरकवायचं. मागे टेकायला एक सरळ पट्टी.

जाऊबाई वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, हे तर शिलाई मशीनच की! सुई जागेवर, कापड चालतं."

"अगदी तसंच," सुतारकाका म्हणाले. कशाला म्हणाले कुणास ठाऊक. जाऊबाईंनी फळी घेतली, पट्टीला टेकवली, उजवीकडून डावीकडे छान सरकवायला लागल्या आणि अर्ध्यात आल्यावर त्यांचा डावा हात आपोआप बिटाच्या पलीकडे गेला, शिवण मागून ओढून घेतात तसा.

"हात!" सुतारकाका ओरडले आणि बटण दाबून मशीन बंद केलं. माझा तर जीवच गेला होता. जाऊबाई पांढऱ्याफटक पडल्या, बोटं मोजल्यासारखी बघितली. सगळी जागेवर होती.

"तसंच आहे, पण तसंच नाही," सुतारकाका घाम पुसत म्हणाले. "कापड मागून ओढतात. लाकूड फक्त ढकलायचं. बिट ज्या बाजूने फिरून येतं त्याच्या तोंडावर ढकलायचं, म्हणजे ते लाकूड दाबून धरतं. उलट गेलात तर हिसकावून भिरकावून देईल. आणि बिटाजवळ बोट न्यायचं नाही, या ठोकळ्याने ढकलायचं."

मला वाटलं, झालं, संपलं, आता ही बाई परत हात लावत नाही. तर जाऊबाईंनी डावा हात सरळ कमरेमागे बांधला, शाळेतल्या मुलीसारखा, आणि म्हणाल्या, "लावा परत." उजव्या हातात ठोकळा धरून तळव्याने ढकलत त्यांनी खाच पूर्ण केली. मूठ आवळायची नाही, मनगट वळवायचं नाही, नुसतं ढकलायचं. बाहेर पडताना त्या फळीच्या खाचेत नख घालून पुढे-मागे करत होत्या. घरापर्यंत करत होत्या.

मग राउटर घ्यायला दुकानात गेलो, आम्ही दोघी आणि उगाच आलेले हे. दुकानदाराने आम्हाला पाहिलं आणि ह्यांच्याशीच बोलायला लागला. त्याने सगळ्यात मोठं मशीन काढलं, दोन हातांनी काउंटरवर आपटलं. "घ्यायचं तर हेच घ्या साहेब. दारं, खिडक्या, जिने, सगळं होतं. एकदा घेतलं की बघायला नको."

हे मान डोलवायला लागले. "घ्यायचं तर मोठंच घ्यावं," असं काहीतरी पुटपुटलेही. स्वतः कधी खिळा ठोकलेला नाही!

"अहो, ह्यांना बटणांचा डबा करायचाय," मी म्हटलं. "जिना कुठे चढवताय? आणि बोलायचं असेल तर त्यांच्याशी बोला, मशीन त्यांचं आहे. रांगेत ह्यांचा नंबर शेवटचा."

दुकानदार जरा हबकला. त्याने मग ओळीने पाच-सहा मशीन मांडली. कुणाची ताकद जास्त, कुणाचा वेग, कुणाला दिवा. जाऊबाईंनी त्यातलं काही ऐकलं असेल असं वाटत नाही. "बिट बदलायचं कसं?" एवढंच विचारलं. बिट ज्या नटाने आवळतात तो नट पान्याने सैल करावा लागतो. जाऊबाईंनी पाना मागितला, उजव्या हातात धरला, डोळे मिटले आणि एकेका मशीनचा नट स्वतः सोडून, आवळून बघायला लागल्या. पूर्वी कात्री घ्यायला जायच्या तेव्हाही असंच, पात्याकडे बघायच्याच नाहीत, बोटं घालून डोळे मिटून उघडझाप करायच्या.

मोठ्या मशीनचा नट हललाच नाही. दुसऱ्याचा हलला पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. एका लहानशा मशीनचा मात्र सहज सुटला. त्याला वेग कमी-जास्त करायची चकती होती, आणि बिट वर-खाली करायचा गोल खटका अंगठ्याने फिरत होता. सुरू करून बघितलं तर एकदम हिसका न देता हळूच वेग घेत होतं.

"हे," जाऊबाई म्हणाल्या.

"यात जाड दांड्याची बिटं बसत नाहीत हं," दुकानदार म्हणाला.

"मला नकोच आहेत. बारीक कामं करायची आहेत."

मग राहिलं टेबल. दुकानात तयार मिळत होतं, घडीचं, चार पायांचं, पट्टी-बिट्टी सकट. मी म्हटलं, हेही बांधा. जाऊबाईंनी पिशवीतून आपली स्टीलची पट्टी काढली, त्या टेबलावर उभी ठेवली आणि वाकून बघितलं. पट्टीखालून मधोमध उजेड दिसत होता. टेबल मधे बसलेलं. दुसरं बघितलं, ते हाताने दाबलं की डुलायचं.

"टेबल नको," त्या म्हणाल्या. "नुसतं मशीन द्या."

"अहो ताई, टेबलाशिवाय मशीन म्हणजे सायकल घेतली आणि चाकं दुकानात ठेवली," मी म्हटलं. "हातात धरणार आहात का? मनगट मोडून घ्यायचंय?"

"बघू," जाऊबाई म्हणाल्या. पुन्हा तेच! ह्या शब्दाने माझं डोकं फिरतं.

मशीन घरी आलं आणि खोक्यातून बाहेरच आलं नाही. खोकं त्या टेबलाखाली पडून. एक दिवस पुतण्याचा फोन आला. मी कान देऊन ऐकत होते असं नाही, पण स्वयंपाकघरात नळ बंद केला खरा. तो म्हणत असावा की खोली तयार आहे, रविवारी टेम्पो घेऊन येतो. जाऊबाई म्हणाल्या, "ये. रविवारी ये. बरं होईल."

संपलं. मला वाटलं, म्हणून टेबल घेतलं नाही. मशीन तिकडे न्यायचं, टेबल तिकडे बघायचं. सकाळचं ऊन आणि राउटर, बाईची मजा आहे! त्या आठवड्यात पोस्टात मी काय काय बोलले लोकांना, साहेबांनी मला बोलावून विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, उत्तम आहे. आणि बाहेर येऊन पाण्याच्या टाकीमागे रडून घेतलं. दोनदा वाटलं, घरी जावं आणि सरळ सांगावं, ताई, जाऊ नका. घरी आल्यावर सांगितलं काय? "दोरीवरचा तुमचा टॉवेल काढा, कधीचा वाळलाय."

शनिवारी अर्धा दिवस. घराच्या कोपऱ्यावर आले तर आतून करवतीच्या मशीनचा आवाज. चप्पल न काढताच मागच्या खोलीत धावले. खोलीभर भुसा उडालेला. सुतारकाका गुडघ्यांवर बसलेले. आणि जाऊबाईंच्या टेबलाला, त्या साबणासारख्या गुळगुळीत, कप न ठेवायच्या टेबलाला, चांगलं वहीएवढं चौकोनी भोक!

"अहो, हे काय केलंत!" मी सुतारकाकांवर ओरडले. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मी सांगितलं," जाऊबाई भोकाच्या पलीकडून म्हणाल्या. डोळ्यांना मोठा चष्मा, केसांत भुसा, आणि कापून निघालेला चौकोन कडेवर धरलेला. "सगळ्या गावात याच्याइतकं सपाट टेबल नाही. आणि माझ्याच उंचीचं. दुसरं कशाला घ्यायचं?"

"पण त्यांना यावर जेवायचं आहे ना! तो उद्या टेम्पो आणतोय ना!"

"येऊ दे. भावोजींचं कपाट न्यायला सांगितलंय त्याला, कधीचा मागत होता." तुझे भावोजी, म्हणायचं होतं त्यांना. यजमानांबद्दल बोलताना त्या माझ्याच तोंडचा शब्द वापरतात. "भोक पडलेल्या टेबलावर कोण जेवणार? हे आता इथलंच. आणि मीही."

मी मटकन खुर्चीत बसले. सुतारकाका बिचारे मशीन टांगायची धातूची प्लेट घेऊन तसेच थांबले. मला काय झालं कळत नाही, आनंद झाला होता आणि तोंडातून निघाला तो राग. "मग आधी सांगता येत नव्हतं? आठवडाभर माझा जीव टांगणीला! मला एका शब्दाने सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे?" जाऊबाई म्हणाल्या. "मी वाट बघत होते. म्हटलं ही कधीतरी म्हणेल, ताई जाऊ नका. तू म्हणालीस, टॉवेल काढा."

सुतारकाका फसकन हसले. मग मीही. डोळ्यांत पाणी आलं ते भुशामुळे, असं मी सांगितलं, आणि तिघांपैकी कुणाचाच विश्वास बसला नाही.

"जाऊ नका हो," मी म्हटलं.

"आता भोक पाडल्यावर म्हणतेस?" त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत प्लेट टेबलाशी अशी एकसारखी बसली की हात फिरवला तर सांधा लागू नये. मशीन खाली टांगलं, मागे सरळ फळी दोन शिकंज्यांनी घट्ट केली. जाऊबाईंनी माया न सोडता फळ्या कापून घेतल्या, डावा हात कमरेमागे बांधला आणि ठोकळ्याने ढकलत एकेक खाच पाडली. आवाज म्हणजे, देवा! भिंत थरथरत होती. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत ऐकत होते आणि मला तो आवाज इतका गोड लागत होता की ह्यांनी विचारलं, "कानात कापूस देऊ का?" तर मी नको म्हटलं.

रविवारी पुतण्या आला. टेबल बघितलं, आईकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं आई! आमचं जेवायचं टेबल!"

"तुम्ही बाजारातून घ्या," जाऊबाई म्हणाल्या. "मधे बसलेलं असलं तरी जेवायला चालतं." आणि त्याच्या हातात डबा ठेवला. साधाच होता, एका कोपऱ्याला जरा चीर गेलेली. पण झाकण नखाने सरकत होतं आणि बंद होताना हलकंसं टक् म्हणत होतं. पुतण्याने ते उघडलं, बंद केलं, उघडलं, बंद केलं. मग आईच्या मनगटाकडे बघितलं. पट्टा होता, सूज नव्हती.

"दुखत नाही?" त्याने विचारलं.

"ढकलायचंच असतं रे. ओढायचं नसतं," त्या म्हणाल्या.

त्याने कपाट टेम्पोत चढवलं, डबा मात्र पुढे स्वतःजवळ ठेवला.

तो गेल्यावर मी चहा केला आणि दोन कप घेऊन मागच्या खोलीत गेले. जाऊबाई खिडकीत होत्या, पण पडद्याला हात नव्हता, पुढच्या डब्याची फळी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघत होत्या. मला इतकं बरं वाटलं, म्हटलं आता कसला कायदा न् कसलं काय, टेबलाला भोकच पडलंय. मी दोन्ही कप टेबलावर ठेवले.

"उचल," जाऊबाई मागे न बघता म्हणाल्या. "आधी उचल ते. लाकूड फुगतं."

मी उचलले. एक त्यांच्या हातात दिला, एक हातात धरून उभी राहिले. चटके बसत होते. म्हटलं, बसू देत.